एलिव्हेशनची वैरीण

जळगावात नवी इमारत उभी राहिली की मालकाला दोन दिवसांची धास्ती असायची. एक उद्घाटनाचा दिवस आणि दुसरा त्यानंतरचा रविवार. उद्घाटनाचं एक वेळ निभावून नेता यायचं. पाहुणे उशिरा आले, फीत कापायची कात्री सापडली नाही, माइक बंद पडला, तरी शेवटी जेवण चांगलं असलं की लोक विसरतात. रविवार निभावता येत नसे. रविवारी ‘दैनिक तापीकाठ’च्या चौथ्या पानावर ‘उन्हातलं बांधकाम’ हे सदर यायचं आणि ते प्रज्ञा सुरवाडे लिहायची.

पन्नाशी ओलांडलेली, किरकोळ अंगाची, आखूड केसांची बाई. एका खासगी कॉलेजात आर्किटेक्चर शिकवायची. उद्घाटनाला ती कधी जात नसे. फुलांच्या माळा वाळल्या की मग जायची, तीही भर दुपारी, डोक्याला सुती रुमाल बांधून. जिना चढायची, खिडकी उघडून बघायची, उघडली नाही तर का उघडत नाही ते विचारायची, बायकांचं स्वच्छतागृह कुठे आहे ते शोधायची. सापडलं तर त्याला कुलूप आहे का ते बघायची. आणि घरी येऊन लिहायची.

एका काचेच्या शॉपिंग कॉम्प्लेक्सवर तिनं लिहिलं होतं, ‘पंचेचाळीस डिग्रीच्या गावात इमारतीला चारी बाजूंनी काच लावायला माणसाकडे एक तर पैसा फार लागतो नाही तर अक्कल कमी. मालकांकडे दोन्ही सोयी आहेत. काचेतून ऊन येतं म्हणून भाडेकरूंनी आतून पडदे लावले. पडदे वाईट दिसतात म्हणून मालकांनी बाहेरून फ्लेक्स लावले. आता ती काच कुणालाच दिसत नाही, तिची धग तेवढी रस्त्यावरच्या माणसाला लागते.’ एका उद्योगपतीनं वडिलांच्या स्मरणार्थ चकचकीत स्टीलच्या बाकांचे बसथांबे गावाला अर्पण केले, तेव्हा तिनं लिहिलं की मे महिन्यात या बाकावर वांगं ठेवलं तर भरितासाठी कपाशीची पऱ्हाटी पेटवायला नको. माणूस ठेवायचा असेल तर मात्र समोरच्या रसवंतीच्या सावलीत ठेवावा. धुळ्याच्या रस्त्यावरच्या एका लॉन्सबद्दल लिहिलं, ‘खांब रोमचे, माल फायबरचा, आत पोकळ. रोममध्ये खांब छत उचलायचे. इथे खांबांवर काहीच नाही. ते फक्त नवरा-नवरीचा फोटो उचलतात.’

लोक टपरीवर चहा पिता पिता हे मोठ्यानं वाचायचे, मांडीवर थाप मारायचे आणि मग त्याच लॉन्सवर पुतणीचं लग्न लावायचे.

प्रज्ञाच्या जिभेला ही धार कुठून आली, याची गावात बरीच चर्चा व्हायची. लग्न केलं नाही म्हणून, असं काहींचं मत. स्वतःला कामं मिळत नाहीत म्हणून, असं आर्किटेक्ट लोकांचं मत. खरं कारण तिच्या बापाच्या घरात होतं.

झिपरू सुरवाडे भुसावळला रेल्वेत खलाशी होते. रेल्वेचं क्वार्टर दीड खोलीचं, पण भिंती जाड, छत उंच, पुढे ओटा आणि ओट्यावर कौलांची पडवी. रिटायर झाल्यावर त्यांनी जळगावला प्लॉट घेऊन पक्कं घर बांधलं. पक्कं म्हणजे हात वर केला की टेकेल असा सपाट स्लॅब, पश्चिमेला तोंड, पुढे दोन नक्षीदार खांब आणि कमळाच्या आकाराची ग्रील. नातेवाईक बघायला आले की झिपरू आबा ग्रीलवर हात फिरवून दाखवायचे. आणि नातेवाईक गेले की उपरणं घेऊन समोरच्या निंबाखाली जाऊन पडायचे, कारण मार्चपासून त्या घरात दुपारी माणसाला श्वास घेववत नव्हता. कुणी पाहुणा आला की मात्र निंबाखालून उठून, त्याला हाताला धरून आत भट्टीत नेऊन बसवायचे. निंबाखाली पाहुणचार केला तर घर बांधल्याचा उपयोग काय?

कॉलेजात असताना एकदा प्रज्ञानं विचारलं, “आबा, हे घर तुम्ही कुणासाठी बांधलं?”

आबांनी साधेपणानं उत्तर दिलं, “लोकांसाठी. लोकांनी बघावं म्हणून.”

त्यात त्यांना काही चूक वाटली नाही. तिला वाटली, आणि ती तिच्या मनात कायमची टोचत राहिली.

नाशिकला आर्किटेक्चर शिकून ती परत आली आणि कुंदन फिरके यांच्या ऑफिसात लागली. फिरके जळगावातले सगळ्यांत चालते आर्किटेक्ट. धुळ्यातही त्यांची कामं जोरात. त्यांचं सगळं साम्राज्य एका शब्दावर उभं होतं: एलिव्हेशन. म्हणजे इमारतीचं पुढचं तोंड. या मुलखात माणूस घर बांधायला निघाला की आधी खोल्या विचारत नाही, एलिव्हेशन विचारतो. “एलिव्हेशन भारी पाहिजे, साहेब.” फिरके भारी द्यायचे. दगडाचा आव आणणारी टाइल, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर काच, काचेमागे निळा दिवा. इमारतीच्या मागे काय आहे हे बघायला त्या गल्लीत कुत्र्याशिवाय कुणी जात नाही, असं त्यांचं व्यावसायिक तत्त्वज्ञान होतं.

तिथे तिला एका दवाखान्याचं काम मिळालं. चाकाच्या खुर्चीसाठीचा रॅम्प इतका खडा की त्यावरून पेशंट वर चढण्याऐवजी खालीच घरंगळला असता. तिनं तो लांब करून पुढून वळवला. फिरक्यांनी तिच्या ड्रॉइंगवर लाल काट मारली.

“मॅडम, रॅम्प मंजुरीपुरता असतो. तो पुढे आणून तुम्ही माझं एलिव्हेशन खाल्लं.”

“मग पेशंट वर कसा जाईल, सर?”

“दोन वॉर्डबॉय उचलतील. आपल्याकडे माणसांना काय तोटा आहे?”

तिनं पुढच्याच महिन्यात नोकरी सोडली. पुढे कॉलेज, आणि कॉलेजात असताना ‘तापीकाठ’चे संपादक समाधान पाटील यांच्या आग्रहावरून हे सदर. समाधानभाऊंची अट एकच होती: “मॅडम, लिहा काय लिहायचं ते, फक्त मसाला कमी पडू देऊ नका. वाङ्मय नको.”

मसाला कमी पडला नाही. पण कुणाला ठसकाही लागला नाही, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं. गिरधरशेठ नावाच्या बिल्डरच्या नव्या कॉम्प्लेक्सची तिनं अशी चामडी लोळवली की कॉलेजातल्या पोरांनी लेख पाठ केला. दोन दिवसांनी शेठजींचा माणूस पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात हजर. मागोमाग फोन.

“ताई, काय लिहिलंय! घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. तुमच्यामुळे सगळा गाव बघायला आला. गाळे खपले ना आमचे!”

शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं. पेढे तिनं कॉलेजच्या शिपायांच्या खोलीत ठेवून दिले आणि त्या आठवड्यात वर्गात ती कुणाशी धड बोलली नाही. आपण शहराचा डॉक्टर होतो असं समजत होतो आणि शहरानं आपल्याला तमाशातल्या सोंगाड्याचं काम दिलंय, हे कळल्यावर माणसाला गोड लागत नाही.

अशात धुळ्याहून धम्मपालचा फोन आला. धम्मपाल तिचा मामेभाऊ, बँकेतून निवृत्त झालेला, समाजात वजन असलेला. वर्षानुवर्षं वर्गणी जमवून समाजाच्या समितीनं धुळ्यात विहार आणि अभ्यासिका बांधायला घेतली होती आणि धम्मपाल समितीचा अध्यक्ष होता. बांधकाम उभं राहिलं होतं, प्लास्टर बाकी होतं.

“तू येऊन बघ एकदा, प्रज्ञा. उद्घाटनाच्या स्मरणिकेत तुझा लेख पाहिजे. जळगाव-धुळ्याच्या सगळ्या इमारतींवर लिहितेस, आपल्या घरच्या इमारतीवर नको का?”

ती गेली. धम्मपालनं तिला आधी रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभं केलं.

“हे बघ. हायवेवरून घुमट दिसणार. खाली सिंहाचे खांब, मधे निळी काच. एवढी वर्षं आपण कुणाच्या तरी ओट्यावर जयंती केली. आता लांबून दिसायला पाहिजे की हे आपलं आहे.”

दिसत होतं, खरंच दिसत होतं. क्षणभर तिलाही छातीत काहीतरी भरून आलं. मग ती आत गेली.

तळमजल्यावर लग्नाला भाड्यानं द्यायचा हॉल आणि समितीचं कार्यालय. कार्यालयात एसीची जागा आधीच फोडून ठेवलेली. पहिल्या मजल्यावर विहार. आणि अभ्यासिका सगळ्यांत वर, उघड्या स्लॅबखाली, पश्चिमेच्या रिकाम्या चौकटींत पूर्ण काच बसणार. काच न उघडणारी, कारण उघडणाऱ्या खिडक्यांनी पुढची निळी रेघ मोडत होती. मुलींचं स्वच्छतागृह तळमजल्यावर, लग्नाच्या हॉलच्या पोटातून गेल्यावर. म्हणजे हॉलमध्ये हळद लागली असेल तर अभ्यास करणाऱ्या मुलीनं वऱ्हाडातून वाट काढायची, नाही तर घरी जायचं. भिंतीवर चुन्याच्या बोटांनी आर्किटेक्टचं नाव लिहिलं होतं. कुंदन फिरके.

“भाऊ, इथे मुलं बसणार?”

“दीडशे मुलं बसतील,” धम्मपाल अभिमानानं म्हणाला.

“बसतील. मार्चपर्यंत. परीक्षा कधी असतात?”

“कूलर लावू गं.”

“न उघडणाऱ्या खिडकीत कूलर लावला तर आत मूग पेरा, दोन दिवसांत मोड येतील.”

धम्मपालचा चेहरा उतरला. “तुझं हे असंच असतं. बाहेरच्यांवर लिही ना काय लिहायचं ते. आपल्या लोकांना किती वर्षांनी एक इमारत मिळतेय. एकदा तरी मोठं दिसू दे त्यांना.”

“कुणाला मोठं दिसायचंय? मुलांना की समितीला?”

“दोघांना. त्यात वाईट काय आहे? तू रेल्वेच्या क्वार्टरातली उंच छतं सांगतेस, ती गोऱ्या साहेबांनी बांधली होती. आपण आपलं बांधलेलं हे पहिलं आहे.”

जळगावला परतताना एसटीत ती तेच घोळवत राहिली. धम्मपाल लबाड नव्हता. झिपरू आबाही नव्हते. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या कुणी बघितलंच नाही, त्याला दिसावंसं वाटतं, यात थट्टा करण्यासारखं काय होतं? पण बाबासाहेबांनी आपलं घर, राजगृह, पुस्तकांसाठी बांधलं होतं, हे पोरवयापासून ऐकत आलेली ती. इथे पुस्तकांची जागा भट्टीत, आणि ते झाकायला घुमट. गिरधरशेठला सोलायचं आणि धम्मपालला स्मरणिकेत ओवाळायचं, तर मग सदराचं नाव बदलून ‘परक्याचं बांधकाम’ ठेवावं.

तिनं लिहिलं. स्मरणिकेत नाही, ‘तापीकाठ’मध्ये.

‘घुमट छान आहे. ज्यांच्या घरात अभ्यासाला कोपरा नाही त्यांच्यासाठी ही अभ्यासिका आहे, असं पत्रकात म्हटलंय. त्यांच्या घरावर निदान पत्रा आहे. पत्रा लवकर तापतो तसा लवकर निवतो. स्लॅब संध्याकाळनंतरही सूड घेतो. समितीचं कार्यालय तळमजल्यावर, गारव्यात आहे. थोडक्यात, ज्यांचं शिकून झालं ते एसीत आणि ज्यांचं व्हायचंय ते भट्टीत. याला काय म्हणतात ते आपल्याला कुणी शिकवायला नको.’

या वेळी मात्र ठसका लागला. धुळ्यातून फोनवर फोन. ‘घरभेदी’, ‘शिकून शेफारलेली’. त्याचं तिला काही वाटलं नाही, शिव्यांची ती वाटच बघत होती. जे बोचलं ते वेगळंच होतं. ज्या लोकांना विहार कुठे आहे हेही माहीत नव्हतं, त्यांनी तो लेख व्हॉट्सॲपवर फिरवला, खाली हसरे चेहरे टाकून. ‘घ्या, त्यांचंच माणूस सांगतंय.’ कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एक सहकारी खुर्ची ओढून जवळ आला.

“काय सोललंत मॅडम तुम्ही तुमच्या लोकांना! असं स्पष्ट बोलणारं पाहिजेच.”

तिनं त्याच्याकडे बघितलं. तो मनापासून खूश होता.

“तुम्ही कुठे राहता हो सर? ती टाकी कोरडी असलेली, पण कारंजं असलेली सोसायटी ना? पुढच्या रविवारी तुमच्याकडे येते. दुपारी बारा वाजता. वहिनींना सांगून ठेवा.”

सहकारी खुर्चीसकट मागे सरकला. पण घरी आल्यावर ती बराच वेळ चप्पल न काढता बसून राहिली. उपहास हे असं हत्यार आहे की आपण खाली ठेवलं की कुणीही उचलतं, आणि ज्याला आपण कधी मारलं नसतं त्यालाच मारतं. हे तिनं वर्गात कधी शिकवलं नव्हतं, कारण तिला ते माहीतच नव्हतं.

धम्मपालचा फोन सगळ्यांत शेवटी आला. तो चिडला नव्हता, ते जास्त वाईट होतं.

“माझा नंबर होता तुझ्याकडे, प्रज्ञा. पेपरात कशाला?”

“समोर बोलले तेव्हा तुम्ही ऐकलं का, भाऊ?”

“ऐकलं असतं. वेळ लागला असता.” मग तो म्हणाला, “रविवारी सभा आहे. फिरकेसाहेबही येणार आहेत. हिंमत असेल तर ये आणि सगळ्यांसमोर सांग.”

“येते. पण सभा वर अभ्यासिकेत घ्या. दुपारी तीनला.”

“घेऊ. घाबरतो की काय आम्ही?”

एप्रिल सरत आला होता. सतरंज्या अंथरल्या होत्या, पाण्याचे जार ठेवले होते, भिंतीला बाबासाहेबांचा फोटो टेकवला होता. पुढे समितीची पुरुष मंडळी, मागे महिला मंडळाच्या बायका, आणि सगळ्यांत मागे भिंतीला टेकून धम्मपालची आई केसरबाई. ऐंशीच्या घरातल्या या मामीला सगळा मोहल्ला केसरअक्का म्हणायचा. फिरके फुल बाह्यांचा शर्ट आणि टाय घालून आले होते. धुळ्यात, एप्रिलमध्ये, टाय.

“जय भीम,” म्हणून प्रज्ञा बसली आणि सभा सुरू झाली. म्हणजे तिच्यावर बोलणं सुरू झालं. एकेक जण उठून समाजाची बदनामी या विषयावर भाषण करत होता आणि प्रत्येकाचं भाषण मागच्यापेक्षा आखूड होत होतं. पश्चिमेच्या चौकटींमधून ऊन सरळ आत येऊन सतरंजीवर पसरलं. पहिल्या रांगेतली माणसं इंच इंच मागे सरकायला लागली. सरकतोय असं मात्र कुणी दाखवत नव्हतं. शर्ट पाठीला चिकटले. सचिवांनी विषयपत्रिकेनं वारा घ्यायला सुरुवात केली आणि अध्यक्षांनी डोळे वटारल्यावर थांबवली. वारा घेतला तर हरलो, असा एक अलिखित ठराव झाला होता.

प्रज्ञालाही घाम फुटला होता, डोकं भणभणत होतं. पण तीही मेली तरी उठणार नव्हती. दोन्ही बाजू अशा शिजत बसल्या होत्या आणि मधे फिरके एलिव्हेशनचं महत्त्व सांगत होते.

“शेवटी इमारत म्हणजे समाजाचा चेहरा असतो...” फिरक्यांच्या चेहऱ्यावरून घामाचा ओघळ टायवर उतरला.

तेवढ्यात मागून आवाज आला. “बठ्ठासले भुंजी काढाना इचार शे का रे, धम्मपाल?”

सगळ्यांनी वळून बघितलं. सगळ्यांना भाजून काढतोस का, असं लेकाला विचारत केसरअक्का भिंतीला धरून उठत होती. “मी खाले जास. आठे मना जीव घाबरस.”

“आई, बस ना. सभा चालू आहे.”

“सभा तुनी चालू शे. मना जीव बंद पडी.”

एका सुनेनं तिला हात दिला. तिच्या मागे दुसरी उठली, तिसरी उठली. बघता बघता महिला मंडळाची सगळी बाजू जिना उतरून तळमजल्याच्या पूर्वेकडच्या बोळात जाऊन बसली. वर उरले पुरुष, प्रज्ञा आणि दोन्ही बाजूंचा ताठा. मग फिरक्यांचा फोन वाजला, किंवा त्यांना वाजल्यासारखा वाटला. “एक मिनिट हं,” म्हणून ते खाली गेले, ते आलेच नाहीत. त्यानंतर समितीच्या एकेका सदस्याला फोन यायला लागले. कुणाची रिंग ऐकू येत नव्हती, पण काम सगळ्यांचंच तातडीचं होतं. शेवटी धम्मपाल आणि प्रज्ञा दोघंच समोरासमोर उरले.

धम्मपालनं रुमालानं मान पुसली. “तुला मजा येत असेल.”

“नाही, भाऊ.” आणि ते खरं होतं. “घुमट राहू द्या. तो मी काढा म्हणत नाही. लेखात ते लिहायला पाहिजे होतं, नाही लिहिलं.”

“मग काय काढू?”

“मुलांना खाली आणा. हॉल वर जाऊ द्या. लग्नं संध्याकाळी लागतात, आणि दुपारी लागलीच तर नवरदेवाला थोडं भाजू द्या. पश्चिमेला काचेऐवजी विटांची जाळी करा, वारा येईल, ऊन येणार नाही. आणि मुलींसाठी मागून वेगळं दार.”

दोघं खाली आली तेव्हा सभा बोळात रंगात आली होती आणि बायका फिरक्यांना विचारत होत्या की मुलींच्या स्वच्छतागृहाची वाट लग्नाच्या हॉलमधून काढायची अक्कल कुणाची. फिरके टाय सैल करून म्हणत होते, “तसं बदलता येईल. मी पहिल्यापासून म्हणत होतो.”

इतिवृत्तात नोंद झाली: ‘महिला मंडळाच्या सूचनेनुसार अंतर्गत रचनेत योग्य तो बदल करण्याचे ठरले.’ प्रज्ञाचं नाव नाही. उद्घाटनाच्या पत्रिकेतही नाही. स्मरणिकेत फिरक्यांचा लेख होता, ‘वाऱ्याशी संवाद साधणारी वास्तू’. तो वाचून ती इतकी हसली की शेजारीण दार वाजवून विचारून गेली. धम्मपाल पुढे बरेच महिने तिच्याशी बोलला नाही.

तिनं मात्र त्या दिवसापासून सदराची तऱ्हा बदलली. बांधून झालेल्या इमारतीच्या नावानं बोटं मोडण्यात राम नाही, हे तिला पटलं होतं. स्लॅब ओतून झाल्यावर टीका करणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका बघणं. ती आता न बांधलेल्या इमारतींवर लिहायला लागली. बुकिंग सुरू झालेल्या स्कीमचे नकाशे मिळवायची आणि लिहायची: या फ्लॅटच्या झोपायच्या खोलीला दुपारचं ऊन थेट लागेल. या जिन्याला उजेड नाही. या ‘बगीच्या’च्या जागी नकाशात ट्रान्सफॉर्मर आहे. कोट्या कमी, प्रश्न जास्त. टपरीवर मोठ्यानं वाचणं बंद झालं. लोक आता तो लेख कापून खिशात ठेवायला लागले आणि बुकिंगच्या ऑफिसात काढून समोर ठेवायला लागले.

आणि गिरधरशेठ, ज्यांनी पेढे पाठवले होते, ते या वेळी स्वतः ‘तापीकाठ’च्या ऑफिसात गेले. समाधानभाऊंनी तिला बोलावून घेतलं आणि चहा मागवला. संपादकानं चहा मागवला की समजावं.

“मॅडम, तुमचं लिखाण हल्ली जड व्हायला लागलंय. वाचकांना पूर्वीसारखं हलकंफुलकं पाहिजे.”

“वाचकांना की पहिल्या पानाच्या जाहिरातीला?”

समाधानभाऊंनी कपात बघितलं. “थट्टा करा ना, कुणाची पण करा. शेठजी स्वतः म्हणाले, माझी करा. पण हे नकाशे-बिकाशे...”

“बरोबर आहे. उभ्या इमारतीला हसलेलं त्यांना चालतं. उभी राहायच्या आधी विचारलेलं चालत नाही.”

सदर बंद झालं. त्या जागी राशिभविष्य मोठं झालं.

बंद झाल्याचं गावात फारसं कुणाला कळलं नाही, पण तिच्या दाराची घंटा वाजायला लागली. रावेरचा केळीवाला, एरंडोलचे शिक्षक, चाळीसगावहून बदली होऊन आलेलं जोडपं, असे लोक गुंडाळलेला नकाशा काखेत धरून यायचे. “मॅडम, टोकन द्यायच्या आधी जरा बघा.” ती बघायची, आणि बघताना तोंड गप्प नसायचं. “हे स्वयंपाकघर आहे की फोन बूथ? इथे पोळी लाटायची असेल तर लाटणं उभं धरावं लागेल.” माणसं पडलेल्या चेहऱ्यानं बाहेर पडायची. काही तरीही तोच फ्लॅट घ्यायची, कारण एलिव्हेशन भारी असायचं. काही बिल्डरकडे जाऊन भिंत सरकवून घ्यायची. तिला आभाराचे फोन येत नसत. ज्याच्या घरात वारा खेळतो त्याला तो वारा आपल्याच नशिबाचा वाटतो.

पुढच्या मे महिन्यात केसरअक्का पाय घसरून पडली म्हणून प्रज्ञा धुळ्याला गेली. अक्का बाजेवर बसून सगळ्यांना हुकूम सोडत होती, त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं. धम्मपालनं चहा दिला, एवढं बोलणं सुरू झालं होतं. परतताना ती अभ्यासिकेत डोकावली. दुपार होती. खाली ओळीनं मुलं-मुली बसली होती, स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तकं उघडी होती. जाळीतून ठिपक्याठिपक्यांचा उजेड येत होता आणि अंगाला हवा लागत होती. जागा इतकी भरली होती की तिला दारातच उभं राहावं लागलं.

दाराजवळच्या मुलीनं पुस्तकावरून हात झटकला आणि कुणाला तरी उद्देशून म्हणाली, “ही जाळी कुणी सुचवली असेल त्याला इथे आणून बसवलं पाहिजे.”

“का? काय झालं?” प्रज्ञानं विचारलं.

“बघा ना.” मुलीनं पान दाखवलं. पानावर कबुतराची विष्ठा होती. “भोकं एवढी मोठी ठेवलीत की कबुतरं थेट आत येतात. वारा पाहिजे होता, मान्य. पण मागून साधी बारीक जाळी लावायचं सुचू नये? बांधणाऱ्याला पक्षी माहीत नाहीत का?”

मुलीचं नाव रेशमा पावरा. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून येऊन खोली करून राहत होती, पोलीस भरतीची तयारी करत होती. समोरची बाई कोण हे तिला ठाऊक नव्हतं.

“समितीला सांगितलंस?” प्रज्ञानं विचारलं.

“दोनदा. करू म्हणाले. म्हणून आता फोटो काढलेत आणि हे लिहिलंय. सगळ्या ग्रुपवर टाकणार आहे.” तिनं मोबाइल पुढे केला. लांबलचक मजकूर होता. समितीचे हारतुरे, अध्यक्षांचं भाषण, घुमटाची रंगरंगोटी, सगळ्यांना सडकून काढलं होतं.

प्रज्ञानं चष्मा लावला आणि दारात उभ्या उभ्या तो शेवटपर्यंत वाचला.

“फार लांब आहे,” ती म्हणाली. “अध्यक्षांना एवढं झोडू नकोस, लोक तेवढंच वाचून हसतील आणि कबुतरं राहतील. कबुतरांचं वर घे. आणि जाळी कुठली लावायची, ती खाली सांग.”

“तुम्हाला काय माहीत त्यातलं?” रेशमानं विचारलं.

“फारसं नाही,” प्रज्ञा म्हणाली, आणि रेशमानं सरकून दिलेल्या अर्ध्या बाकावर बसून तिला तारेच्या जाळीचा नंबर सांगायला लागली.